अल ऐनला दिलेला उसना भिडू

अल ऐनला कशाला गेला होतात असं कुणी विचारलं की मी डोंगर, खजुराच्या बागा आणि गरम पाण्याचे झरे असं सांगून मोकळी होते. खरं कारण अमेरिकन फुटबॉल. पण ते सांगितलं की पुढचा अर्धा तास समजावण्यात जातो.

तर एकदाचं समजावूनच टाकते. आमची मुक्ता दुबईतल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये आहे. हा अमेरिकन फुटबॉलचा सभ्य धाकटा भाऊ. सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं. समोरच्यांनी आडवं पाडायचं नाही, फक्त तुमच्या कमरेला लोंबणारी पट्टी ओढून काढायची. पट्टी गेली की तुम्ही तिथेच थांबलात, पट्टीसकट शेवटची रेषा ओलांडली की गुण. मैदानावर एका वेळी पाचजणी. त्या पाचजणींत मुक्ता कधीच नसे, अख्खा सीझन तिने बाकावर काढला. टीम प्रत्येक मॅच हरली, त्यामुळे निदान हरल्याचा ठपका तरी आमच्या घरावर नव्हता.

शेवटची मॅच अल ऐनच्या कॉलेजशी, त्यांच्या मैदानावर. आमच्या कॉलेजने आधीच कळवलं होतं की सीझनमध्ये एकही विजय नसेल तर टीम बंद आणि मैदानाच्या जागी पॅडेल कोर्ट. पॅडेल म्हणजे काचेच्या खोलीतलं टेनिस, दुबईत सध्या ज्याला त्याला तेच खेळायचंय. माझा नवरा शिरीष म्हणाला, "आपण जाऊ या. शेवटची मॅच आहे, कोच सगळ्यांना थोडा थोडा चान्स देईल." प्रोजेक्ट मॅनेजर असूनही शिरीषचा माणसांवरचा विश्वास टिकून आहे.

शनिवारी सकाळी मुक्ता टीमच्या बसने गेली आणि मागोमाग आम्ही दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या आमच्या घरून निघालो. अल ऐनचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो, वाटेत टोल नाही, सव्वा-दीड तासात पोचता. एक सूचना: दुबईत पाटीवरच्या वेगापेक्षा थोडं जास्त चालवून घेतात, अल ऐन अबू धाबीत येतं, ती हद्द लागली की पाटीवर लिहिलंय तेवढंच. वाटेत पेट्रोल पंपाला लागून असलेल्या टपरीवर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घेतला. दोन दिरहम. "म्हणजे जवळपास पन्नास रुपये," शिरीष मोठ्याने म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून हा माणूस अजून चहा रुपयांतच पितो.

मॅच दुपारी होती, म्हणून आधी अल ऐनच्या ओएसिसमध्ये फिरलो. जरूर जा. प्रवेश फुकट, आणि खजुरांच्या सावलीत कोकणातल्यासारखे पाट वाहतात. इथे त्यांना फलज म्हणतात. तिथल्या एका भिंतीवर बसून मी आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. "बाकावर बसली तरी आपली पोरगी टीममध्ये आहे ना," शिरीष म्हणाला. मी त्याला आणखी दोन पुऱ्या दिल्या.

मैदानावर पोचलो तर गोंधळ चालू. अल ऐनच्या दोन मुली आजारी पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे चारच जणी उरल्या होत्या. पाच नसतील तर नियमाप्रमाणे आम्हाला वॉकओव्हर, म्हणजे न खेळता विजय, म्हणजे टीम वाचली. आमचे फिलिपिनो कोच रेमंड चेहरा गंभीर ठेवायचा मनापासून प्रयत्न करत होते. इथे माझ्या नवऱ्याच्या अंगातलं ठाणं जागं झालं. गल्ली क्रिकेटमध्ये भिडू कमी पडला तर समोरच्यांकडून उसना घेतात, मॅच कुणी सोडत नाही. शिरीष सरळ कोचपाशी गेला.

"कोच, इतने दूर से आए हैं सब. वन प्लेयर वी लेंड. खलास."

"हू?" कोचने विचारलं.

"माय डॉटर."

उसना भिडू देताना कुठला देतात, हे गल्लीत खेळलेल्या कुणालाही विचारा. लिंबू-टिंबू देतात. कोचने बाकाकडे एक नजर टाकली आणि इतक्या चटकन मान हलवली की मलाच लाज वाटली. आमची कॅप्टन हाला, उंच जॉर्डेनियन मुलगी, तीही म्हणाली, "फाइन. बसून जिंकलेलं मला नकोच आहे. यल्ला, चला." मुक्ताला कुणीच काही विचारलं नाही. अल ऐनच्या कोचबाईंनी तिला त्यांची हिरवी जर्सी दिली, ती तिने अंगात चढवली आणि पलीकडे गेली.

आणि मग आमची मुलगी पळाली. मी तिला बस पकडायलासुद्धा कधी तशी पळताना पाहिलं नव्हतं. सगळा सीझन बाकावर बसून तिने आमच्या टीमचे डाव पाठ केले होते, त्यामुळे चेंडू कुणाकडे जाणार हे तिला आधीच कळत होतं. ती तिथे हजर असायची आणि पट्टी हातात. आम्ही दोघं आमच्या टीमच्या पालकांमध्ये बसून समोरच्यांसाठी टाळ्या वाजवत होतो. एक केरळी काका आमच्यापासून जरा सरकून बसले.

शेवटच्या डावाला आमची टीम दोन गुणांनी मागे. चेंडू हालाकडे. ती रेषेकडे सुसाट निघाली, समोर कुणी नाही, मागून एकटी मुक्ता. त्या क्षणी मला वाटलं, जरा हळू पळ गं. आणि लगेच वाटलं, खबरदार हळू पळलीस तर.

रेषेच्या अलीकडे हालाची पट्टी मुक्ताच्या हातात होती. अल ऐनच्या चौघींनी तिला उचलून घेतलं.

हाला नंतर तिच्यापाशी आली. "यू नेव्हर रॅन लाइक दॅट फॉर अस."

"यू नेव्हर पुट मी इन," मुक्ता म्हणाली. आवाज चढला नव्हता. हाला बसकडे निघून गेली.

परतीला मुक्ता आमच्या गाडीत बसली. जबल हाफीतच्या पायथ्याशी ग्रीन मुबज्जराला थांबलो, तिथे हिरवळीतून गरम पाण्याचे ओहोळ काढलेत. पाय बुडवून बसायला पैसे पडत नाहीत, फक्त टॉवेल घरून न्या. तिघं पाण्यात पाय सोडून बसलो. शिरीष तिच्या पळण्याचं कौतुक करायचा थांबेना. "बाबा, प्लीज," एवढंच ती म्हणाली.

कॉलेजची मेल पुढच्या आठवड्यात आली. टीमला तिच्या उत्साहाबद्दल शाबासकी होती आणि खाली पॅडेल कोर्टाचं चित्र. मधल्या काळात शिरीषने हिरव्या जर्सीतला मुक्ताचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि ठाण्याहून जिंकल्याबद्दल अभिनंदन येऊन पडलं होतं. चूक कुणी दुरुस्त केली नाही, कारण खरं म्हणजे ती जिंकलीच होती.

अल ऐन एका दिवसात होतं का? होतं. पोटभर बघून परत येता. मलाही जे बघायचं होतं ते बघायला मिळालं, माझी मुलगी मैदानावर, आणि ते मी जन्मात विसरणार नाही.

मेल आली त्या संध्याकाळी जेवताना शिरीष तिला समजावत होता. "टीम काय, दुसरी मिळेल. तू खेळलीस की नाही शेवटी? सगळ्यांत भारी खेळलीस."

मुक्ता घरात आमच्याशी इंग्रजीत बोलते. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"मला माझ्या टीमकडून खेळायचं होतं, बाबा."