दामूकाकांची जागा

चिखल्याच्या नाक्यावर टमटम भरली, की दामूकाका बसलेल्यांना पुन्हा खाली उतरवतात. "अरे, जड माणसं पुढं, हलकी मागं! अशी गाडी तोल धरेल का?" मग एकेकाला नखशिखान्त न्याहाळून जागा नेमून देतात. मी झरीच्या शाळेत शिक्षक, त्यांच्या शेजारी नवीनच राहायला आलो होतो. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "मास्तर, जेवण झालंय की व्हायचंय?" मला वाटलं, काय हे आगत्य! ते माझं वजन ठरवत होते.

नोकरीच तशी केलेली. अरबी समुद्रातल्या एका बेटावरच्या विमानतळावर ते वजनाचा काटा सांभाळत. विमानतळ कसला, दोन्ही टोकांना समुद्र आणि मध्ये टॉवेल वाळत घालावा एवढी धावपट्टी. तिथे येणारं विमानही चिमुकलं, थोडंसं धावून लगेच उडणारं. त्यात बसायचं तर सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर उभं राहावं लागे. वजन जास्त भरलं, की कुणाला तरी उतरवायचं. "बायामाणसांचं वजन मोठ्यानं सांगायचं नाही," काका सांगतात, "नाहीतर विमान राहतं बाजूला, आपणच उडतो!"

पण या गृहस्थांनी स्वतः विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गावी येताना नोकरमाणसांना उरलीसुरली जागा मिळे. दर वेळी कुणी पोटुशी बाई नाहीतर तापानं फणफणलेलं पोर निघे, आणि काका आपली पिशवी काट्यावरून उचलत. "आपलं काय, बोट आहे की!" निवृत्तीच्या दिवशी पायलटनं त्यांच्यासाठी खास जागा राखली, तर तीही एका म्हाताऱ्या मच्छीमाराला देऊन हे बोटीनं ओकत ओकत घरी आले. ऐकून माझे डोळेच भरून आले. काहीही होवो, या देवमाणसाला एकदा विमानात बसवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

सुरतेहून दीवच्या बेटावर तसलंच छोटं विमान जातं, असं कळलं. काका, काकी आणि मी, तिघांची तिकिटं काढली. काका म्हणाले, "कशाला रे खर्च?" मग चिकूची तोडणी निघाली. मग गुडघा धरला. काय तो विनय! मी आणखीच गहिवरलो. काकी मात्र गालातल्या गालात हसत डबा भरत होत्या.

सुरतेच्या विमानतळावर नेमकं तेच झालं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, वजन जास्त होतंय, कुणी एक जण उद्याच्या विमानानं जाईल का? काकांचा हात ताबडतोब वर! "बेन, मारी सीट आपी दो!"

काकींनी तो हात मनगटाला धरून खाली ओढला. "आज नाही!"

"अगं, पण कुणाला तरी गरज असेल..."

मला राहवेना. मी माझी बॅग उचलली. "काका, आज मी उतरतो. तुम्ही जा." त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की बस! मला ती कृतज्ञता वाटली.

उद्याच्या विमानाची वाट न बघता मी घरची गाडी धरली. संध्याकाळी डहाणू स्टेशनात उतरतोय तोच दीवहून काकांचा फोन आला.

"कसं वाटलं, काका? वरून समुद्र कसा दिसला?"

"डोळे उघडले असते तर सांगितलं असतं."

"म्हणजे?"

"मास्तर, मला उंचीची भीती वाटते रे. पहिल्यापासून. जागा सोडली की लोक हात जोडायचे, आशीर्वाद द्यायचे. मग खरं सांगणार कुणाला?"

मी स्टेशनातल्या बाकावर बसलोच. इतकी आजारी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली ती यांच्या घाबरटपणामुळे! पण खरं सांगतो, त्या क्षणी काका मला दुपटीनं आवडले.

तेवढ्यात फोन काकींनी घेतला. "तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"लग्न झालं त्याच वर्षी कळलं. महालक्ष्मीच्या जत्रेत आकाशपाळण्यातली माझ्या शेजारची जागा ह्यांनी एका अनोळखी बाईला देऊन टाकली. मी वर गरगर फिरतेय, आणि हे खाली उभे राहून हात हलवतायत." मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "आज मात्र उतरेपर्यंत माझा हात घट्ट धरून बसले होते रे. वळ उठलेत बघ. एवढा संसार झाला, चारचौघांत हात धरला तो आज पहिल्यांदा. येतानाची तिकिटंसुद्धा विमानाचीच काढ हो, मास्तर."