पारडाला पहिला चीक

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, धुळ्यात झालं. मुलगा झाला. पहिले तीन दिवस त्याला कापसाच्या वातीनं गुळाचं पाणी पाजलं. आईच्या अंगावरचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला जड होतं, बाधतं, असं माझ्या आईला तिच्या आईनं सांगितलं होतं. तो चीक पिळून मोरीत टाकायचा. बाळाला जुलाब लागले आणि बारसं व्हायच्या आत ते गेलं. देवाची इच्छा, असं जो तो म्हणाला. देवाच्या नावावर माणसं काय काय खपवतात हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या खेपेला मी हट्टानं सासरीच राहिले. शिंदखेड्याकडचं गाव, नव्वद साल उजाडायच्या आधीचे दिवस. चावडीच्या भिंतीवर सरकारनं गेरूनं रंगवलं होतं की बाळाला जन्मताच आईचं दूध पाजा. अक्षरं बैलाएवढी. पण चावडीसमोर बसायचे पुरुष, आणि आम्ही सुना नाकापर्यंत पदर ओढून, खाली मान घालून तिथून जायचो. मग ते वाचायचं कुणी? विड्या ओढणाऱ्यांनी? बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

नर्सबाई यायच्या, पण त्यांच्यामागे वरून कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेसचा तगादा. माझं एक मूल गेलेलं, दुसरं पोटात, आणि त्या मला विचारतात, यानंतर ऑपरेशन करून घेणार ना? मी चिडून विचारलं, ते राहू द्या, चीक पाजायचा की नाही ते सांगा. पाजायचाच, त्या हळूच म्हणाल्या. मग सासूबाईंना सांगा की, म्हटलं. त्यावर त्या पिशवी उचलून उभ्या राहिल्या. सासवांशी वाकडं घेतलं तर या गावात एक केस मिळायची नाही, म्हणाल्या आणि गेल्या.

माझे दिवस भरत आले होते, तेव्हाच गोठ्यातली म्हैस व्याली. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ताटावरून उठून गोठ्यात गेले. पारडू उचलून त्यांनी म्हशीच्या सडाशी नेलं आणि त्याचं तोंड धरून त्याला पोटभर चीक पाजला. उरलेल्या चिकाचा खरवस झाला. गल्लीत वाटला, मलाही वाटीभर मिळाला. छान झाला होता, खोटं कशाला बोलू? एवढाच का म्हणून जावेची पोरं कुरकुरली, तेव्हा आबांनी त्यांना समजावलं, "पारडूले पह्यला चीक भेटना नही, तर ते जगस नही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली, घरीच, सुईणीच्या हातून. आणि सासूबाई, आमच्या अक्का, गुळाचं पाणी अन् वात घेऊन बसल्या. वाटी तीच, मला खरवस दिलेली. मी मुलगी मागितली, त्यांनी दिली नाही. अक्का वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन मुलं पाळण्यातून गेली होती, आणि तरी वात त्यांच्याच हातात होती. सुईण दूध पिळून टाकायला पुढे आली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिचा हात झटकला.

आबा बाहेर ओसरीवर बसले होते. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते. मी दाराकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आबा, तुम्ही पारडूले पह्यला चीक दिधा. मंग मन्ही पोरले का बरं नही?"

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. सून सासऱ्याशी बोलली, तेही अंगावरच्या दुधाबद्दल. आता हे मला माहेरी धाडणार, असंच मी धरून चालले. मग आबा खाकरले आणि अक्कांना म्हणाले, "तिनी पोर तिले दी टाक."

मुलगी प्यायली आणि जगली. तिला आता स्वतःची मुलं आहेत. गावात अजून ही गोष्ट हसत हसत सांगतात, की अमक्याच्या सुनेनं म्हशीचा दाखला देऊन सासऱ्याला गप्प केलं. मला हसू येत नाही, अंगाचा तिळपापड होतो. भिंतीवरच्या सरकारला किंमत नव्हती, नर्सबाईच्या ज्ञानाला नव्हती, जिचं मूल गेलं तिच्या रडण्याला तर नव्हतीच. माझ्या लेकीला तिच्या आईचं दूध मिळावं म्हणून गोठ्यातल्या जनावराची साक्ष काढावी लागली.

थोरला धुळ्यात जन्मला होता. माहेरी आमच्याकडे म्हैस नव्हती.