सेवादास आणि गिट्टीवरची टिटवी

सेवादास राठोडांनी तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. रिटायर होऊन घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यावर आले, तरी आवाज काही रिटायर झाला नाही. घरात चहा मागितला तरी चार घरांपलीकडे ऐकू जाई. पोरगी शीला बाळंतपणाला येणार म्हणून त्यांनी अंगणात बाथरूम बांधायला काढलं, खडीची गिट्टी आणून टाकली आणि उकंडा मिस्त्रीला सोमवारी बोलावलं.

सोमवारी उकंड्यानं फावडं उचललं, तोच एक टिटवी किंचाळत त्याच्या डोक्यावर झेपावली. गिट्टीत चार अंडी होती, गिट्टीच्याच रंगाची.

"काका, आधी हिचं होऊन जाऊ द्या," म्हणत उकंड्यानं गाडीला किक मारली.

सेवादास स्वतः पुढे झाले. टिटवीनं त्यांचं टक्कल बरोबर हेरलं. दुसऱ्या दिवसापासून ते नळावर पाणी भरायलासुद्धा मुलाचं हेल्मेट घालून निघू लागले.

"कुठी निघाले, काका?" माणसं विचारत.

"पाणी आणाले," ते काच वर करून सांगत.

मग बाजेवर बसून टिटवीवर डोळे वटारणं हा त्यांचा उद्योग झाला. पाहता पाहता ध्यानात आलं, पक्षी दोन आहेत. एक उठला की दुसरा बसतो. भर उन्हात नालीत पोट भिजवून येतो नि अंडी गार करतो. कुत्रं आलं की पंख मोडल्याचं सोंग करत त्याला पार लांब नेतो, अन् भुर्रकन उडून येतो. सेवादासांनी गुपचूप परातभर पाणी जवळ ठेवलं.

"अवं, पाह्य! नर बी बसते अंड्यावर. बराबर ड्यूटी बदलून राह्यले दोघं!"

चंदाबाई भाकर थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपले तीन लेकरं झाले तवा तुमची ड्यूटी कुठी होती?"

"पुसद-नागपूर," सेवादास पुटपुटले आणि हेल्मेटची काच खाली केली.

चौथ्या आठवड्यात पिल्लं निघाली आणि अंग वाळताच आईबापामागं तुरुतुरु चालती झाली. तोवर शीला येऊन बाळंतही झाली होती. अंघोळीला साड्यांच्या आडोशावरच भागवावं लागलं. उकंडा परत आला तेव्हा सेवादास बादलीपुढे उकिडवे बसून नातीचे लंगोट धूत होते.

"काका, आता तरी पाया खोदू?"

"चारपर्यंत माही पाळी हाय," सेवादासांनी एक ओला लंगोट त्याच्या हातात दिला. "आधी हे पिळून दे."