राहीमावशींच्या गोठ्याचे वासे

राहीमावशी नसत्या तर दगडू आज हयात नसता, आणि मलाही मान वर करून चालता आलं नसतं. म्हणून आधी त्यांचं नाव लिहितो. पिंपरीच्या शिवारात त्यांचं घर, मागे गवती छपराचा गोठा, त्यात एक गाय. मी त्यांच्या पडवीत राहतो.

मी मूळचा राजापूरकडचा. वडील गेले आणि चौथीतच शाळा सुटली. सव्विसाव्या वर्षी इथे नव्या कारखान्याच्या पायाखुदाईवर आलो. स्वभाव पहिल्यापासून भित्रा. सुरुंग उडाला की माझ्या हातातला टिकाव गळून पडे. आमच्या टोळीतला दगडू सगळ्यांदेखत ओरडे, "ओ भागूबाई, घमेलं उचला, चावत न्हाई ते!" सगळे हसत, मीही हसे. पडवीत आडवा झालो की मात्र वाटे, देव असेल तर त्यानं मला असलं काळीज का दिलं?

श्रावणात राहीमावशी मला मारुतीच्या देवळात पोथीला नेऊ लागल्या. तिथली रीत अशी, की ऐकणाऱ्यांतल्या एकानं दर ओवीला 'हं' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की वाचणाराही थांबतो. एका संध्याकाळी ते काम माझ्याकडे आलं. कथा गोवर्धनाची होती. देवानं करंगळीवर डोंगर तोलला आणि गोपांनी खालून काठ्या लावल्या, इथे माझा हुंकारच अडला. परतताना विचारलं, "मावशी, देवानं धरला होता ना? मग काठ्या कशाला?"

"देवाला नगंच व्हत्या," त्या म्हणाल्या. "गोपांस्नी पायजे व्हत्या. समदं गोकुळ डोंगराखाली, आन ह्यांनी हाताची घडी घालून बघत ऱ्हायचं व्हय?"

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारच्या भाकरीआधी, दगडू पुरुषभर खोल चरात एकटा खोदत होता. सरींनी मुरूम भिजलेला. एक बाजू घसरली आणि तो छातीपर्यंत गाडला गेला. समोरच्या काठालाही भेग पडली. मुकादम ओरडला, "कुणी उतरायचं नाही! ही बाजू आली तर दोघं जातील." त्याचं चुकत नव्हतं. आम्ही दहा-बारा गडी काठावर उभे होतो. दगडूचे डोळे मिटत चालले होते, आणि माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं. हाताची घडी होती.

मी उतरलो. भीत भीतच, घसरलेल्या बाजूनं दगडूपर्यंत गेलो. टिकावाच्या हादऱ्यानं काठ आला असता, म्हणून हातांनीच मुरूम उपसू लागलो. दगडूची शुद्ध जाऊ नये म्हणून आठवेल तशी गोवर्धनाची कथा सांगायला लागलो. म्हटलं, "दगडूभाऊ, हुंकार द्या. तुम्ही थांबलात तर मी थांबणार."

"हं," तो म्हणाला. थोड्या वेळानं क्षीण आवाजात, "भागूबाई, पाऊस किती पाडतोस? डोंगर उचल की!"

तेवढ्यात वरून ढेकळं पडू लागली. मी डोळे मिटले. उघडले तर काठावर राहीमावशी. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर; आरडाओरडा ऐकून त्यांनी गाय बाहेर काढली होती, गोठ्याचे वासे उपसले होते आणि त्यातले दोन ओढत आणले होते. गड्यांवर त्या कडाडल्या, "बघता काय, मुडद्यांनो! आणखी हायेत घरी, आणा की!" गडी धावले. पहिला वासा खुद्द मुकादमानंच आडवा ठोकला. भेगाळलेला काठ त्या वाशांवर तोलला गेला, तो दगडूचे पाय मोकळे होईपर्यंत. आम्हाला वर ओढून घेतलं आणि वासे मोडून काठ खाली आला.

दगडूचा एक पाय मोडला, पण जीव वाचला. मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. डोंगर देवानंच धरला होता. पण तिथे एक काठी माझीही होती, आणि ती लावायची बुद्धी ऐकलेल्या कथेनं दिली. भीती अजून गेलेली नाही. ती देवाच्या पायाशी ठेवून उतरता येतं, एवढं आता कळलंय.

मावशींची गाय सध्या पडवीत असते आणि मी अंगणात निजतो. गोठ्याचा विषय काढला की त्या म्हणतात, "गाय काय तक्रार करती व्हय?" पण मी गावाकडच्या मामांना पत्र टाकलंय, की आपल्या परसातलं टणक लाकडाचं किंजळीचं झाड माझ्या वाट्याचं आहे, ते कुणाला देऊ नका. उन्हाळ्यात गावी जाईन, त्याचे वासे पाडून इथे आणीन, आणि मावशींचा गोठा माझ्या हातांनी उभा करून देईन.