आधी सगळ्या, मग मी

संदीपचा फोन आला तेव्हा मी सहलीची पिशवीसुद्धा सोडली नव्हती. चहाचं आधण ठेवलं होतं आणि पाय सुजलेत का ते बघत होते. "काकी, आई गेली," तो म्हणाला. फोन त्याच्या हातात तसाच चालू राहिला. पलीकडून त्याच्या बायकोचा, रूपालीचा हंबरडा ऐकू येत होता. आपलं माणूस गेल्याचं कळलं की आधी रडू फुटतं म्हणतात. मला आधी भीती वाटली. खोटं कशाला लिहू, जाऊबाईंचा चेहराही डोळ्यांपुढे आला नाही. एकच विचार आला... याला कळलं तर? मग चपला न घालताच मी मळ्याच्या वाटेला लागले.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांच्या बायको, कौसल्याबाई. मी लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले ती पक्की भागूबाई. गाव बाजारपेठेचं नाही, घरं मळ्यात, चहूकडे उसाचे फड. मला विहिरीची भीती, म्हशीची भीती, सासऱ्यांच्या खाकरण्याची तर फारच. जाऊबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. पहिल्याच आठवड्यात त्या मला गवताला घेऊन गेल्या आणि वाटभर मोठमोठ्यानं बोलत राहिल्या. कुणाशी बोलताय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बिबट्याशी. मुकाट गेलं की त्याला वाटतं जनावर आलं. बोलत गेलं की त्यो वाट सोडतो. तू बी बोल." काय बोलू ते मला सुचेना, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. पुढे मी शाळेत मास्तरीण झाले तेव्हा त्या हा किस्सा गावभर सांगायच्या. "आमच्या सुमननं बिबट्याला सतराचा पाढा शिकीवला." सतराचा पाढा मला तेव्हा येत नव्हता, पण त्यांना खोडून काढायची माझी काय बिशाद!

त्यांना सगळेच वचकून असत. नवरा वारल्यावर टोमॅटोची तोडणी, गड्यांची मजुरी, गाडी नारायणगावच्या बाजाराला कधी सोडायची हे सगळं त्या ठरवत आणि संदीप मान डोलावत असे. सून आली तीही मान डोलावणारीच मिळाली. मी नोकरी करणारी, शिकलेली, तरी पगाराचं पाकीट असो की मुलीचं स्थळ, त्यांच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडत नसे. त्यात प्रेम होतं आणि भीतीही होती. वेगळं काढून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही.

बायकांची सहल काढायची हे त्यांच्याच डोक्यातून निघालं. जोतिबा, कोल्हापूरची अंबाबाई, येताना गोंदवलं. तीन दिवस, फक्त बायका. आमच्याकडे बाई देवाला जाते ती नवऱ्याबरोबर, नाहीतर मुलाबरोबर. नुसत्या बायकांची गाडी भरायची म्हटल्यावर पारावर पुष्कळ दिवस हसणं चाललं. जाऊबाई घरोघर फिरल्या. ज्या घरात नवरा नको म्हणाला तिथे ओट्यावर बसून राहिल्या, चहा पिऊन पुन्हा तेच बोलल्या. "मी नेते, मी आणते. एकीला बी काय झालं तर मला इचारा. आन काय झालंच, तर पुन्यांदा न्यायचं नाव काढणार न्हाई." हे त्यांनी इतक्या दारांत सांगितलं की अखेर बेचाळीस बायका झाल्या. घरोघर फिरताना मी बरोबर होते. मला त्या वाक्याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

सहल छान झाली. जोतिबाला गुलालानं माखलेल्या आमच्या बायका एकमेकींना ओळखेनात. जाऊबाई प्रत्येक थांब्यावर गाडीच्या दारात उभ्या राहून नावं पुकारत आणि बेचाळिसावं नाव स्वतःचं घेऊन स्वतःच "हाय" म्हणत. सगळ्या हसत. परतीच्या दिवशी दुपारी चाकणच्या पुढे जेवायला थांबलो, तेव्हा त्यांनी ताटाला हात लावला नाही. "पित्त झालंय," म्हणाल्या. पित्त आमच्या घराण्यात सगळ्यांनाच आहे. मी लिंबू-सोडा आणून दिला, कुणी आल्याचा तुकडा दिला, कुणी पाठ चोळली. गाडी निघताना त्यांनी नावं पुकारली, पण शेवटचं नाव घेतलं नाही. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि गप्प झाल्या.

मी त्यांना इतकं गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पेठ गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार आणि ओला होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे. डावा खांदा त्या सारखा दाबत होत्या. पाचवी-सहावीच्या मुलांना आरोग्याचा धडा शिकवण्यात माझा जन्म गेलाय. मला कळलं. मी हळूच म्हटलं, "बाई, मंचरला गाडी थांबवू. दवाखान्यात दाखवू." त्यांनी हात असा आवळला की बांगडी रुतली. "गप. कुणाला सांगू नगं. माझ्यापायी गाडी दवाखान्याच्या दारात लागली, की झालं. ह्यातल्या एकीला बी परत कुणी सोडायचं न्हाई. अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय. घरी गेल्याव बघू."

मंचर आलं. दवाखान्यांच्या पाट्या एकेक करून खिडकीतून गेल्या. मी प्रत्येक पाटी वाचली. ड्रायव्हर माझ्यापासून चार बाकांवर होता. मागच्या बाकांवर बायका गाणी म्हणत होत्या, एकजण फुगडीला जागा नाही म्हणून कुरकुरत होती. उठून चार शब्द बोलायचे होते. माझे पाय उठले नाहीत. मला भीती कशाची वाटली ते मी गेले सहा आठवडे शोधतेय. त्या मरतील याची वाटलीच, पण त्या रागावतील याची जास्त वाटली. जीव मुठीत धरून मी कळंबचा फाटा येईपर्यंत बसून राहिले, आणि गाडी गावाकडे वळली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

आमच्याकडे देवाला जाऊन आलेलं माणूस थेट घरात शिरत नाही. मारुतीच्या पारावर बसायचं. घरचं कुणीतरी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन येतं, ओवाळून टाकतं, मग घरची वाट धरायची. रूपाली सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. मला वाटलं, सुटलो. जाऊबाई पाराच्या कडेला टेकल्या आणि तिला म्हणाल्या, "थांब जरा. आधी सगळ्या जाऊ दे, मग मी." एकेकीच्या घरचं माणूस येत गेलं. कुणाची सून, कुणाचा नवरा लाजत भाकरीचा तुकडा घेऊन. जाऊबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "घ्या, आणली का न्हाई धडधाकट?" आवाज बारीक झाला होता, पण सांगत होत्या. पाऊण तास गेला. माझ्या घरचं माणूस भाकरी घेऊन आलं तेव्हा मीही उठले. हो, मीही गेले. एक्केचाळिसावी. मागे वळून पाहिलं तर रूपाली त्यांच्यावरून तुकडा ओवाळत होती. मळ्यात पोचून त्यांनी पाणी मागितलं. ते पाणी प्यायल्या नाहीत.

दहाव्याला, तेराव्याला येणारा जाणारा एकच म्हणायचा. देवदर्शन करून आली, कुणाचं करून घेतलं नाही, पुण्यवान मरण. मी मान हलवत राहिले. पारावर मात्र दुसरं बोलणं सुरू झालं होतं. एवढी दगदग बायांना झेपत नाही, आता सहली-बिहली पुरे. एक दिवस संदीपनं मला विचारलं, "काकी, गाडीत तिला काय होत व्हतं का गं?" मी म्हटलं, "नाही रे, पित्त झालं होतं जरा." तो बरं म्हणाला. त्या दिवसापासून त्याची मोटारसायकल वाजली तरी मी उठून आतल्या खोलीत जायचे. खरं सांगावं तर माझ्यावर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे जे होऊ नये म्हणून जाऊबाईंनी तोंड मिटलं तेच होऊन बसतं. गाडीत एक बाई मरायला टेकली होती आणि बायका गाणी म्हणत होत्या, एवढंच गाव लक्षात ठेवणार. न सांगावं तर त्या पोराच्या तोंडाकडे मी कोणत्या तोंडानं बघू?

गेल्या रविवारी मी मळ्यात गेले. रूपाली पडवीत लसूण सोलत होती. संदीप घरात नव्हता, त्यामुळे धीर झाला आणि मी तिलाच सगळं सांगून टाकलं, मंचरच्या पाट्यांसकट. तिनं सूप बाजूला ठेवलं. "काकी, मला बी दिसलं व्हतं," ती म्हणाली. "पारावं. हाताला हात लागला तर बर्फ. मी म्हनलं, आत्या, चला लगेच. तर डोळे वटारले. मग मी तुकडा हातात धरून हुभी ऱ्हायले... पाऊण तास." हे तिनंही नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात संदीप आला. आता थांबले तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून मी त्यालाही सांगायला लागले.

पडवीत जाऊबाईंची खुर्ची आहे. निळी, प्लास्टिकची, एका पायाला तार गुंडाळलेली. त्यांच्या मागे तिच्यावर कुणी बसत नाही, तिच्यावर धुतलेले टॉवेलही कुणी टाकत नाही. संदीप उभ्यानंच ऐकत होता. माझं सांगून झालं, रूपालीचं झालं. "मला फोन का न्हाई केला, काकी?" त्यानं विचारलं. "भ्यायले रे," मी म्हटलं, "तुझ्या आईला." मला वाटलं आता हा घालून पाडून बोलणार. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "तिला कोण भीत नव्हतं?" आणि त्या खुर्चीवर बसला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला, तोंडावर टोपी धरून.

रूपालीनं पाणी आणून दिलं आणि तशीच उभी राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "पुढल्या साली सहल निघाली तर मी जानार हाय." संदीप पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. "जा की," म्हणाला. "पारावर कोण काय बोलंल ते मी बघतो. फकस्त कुणाला काय झालं तर गाडी थांबवायची. ती नगं म्हनली तरी थांबवायची."

इतकं सोपं होतं ते. पेठच्या पुढे माझा हात आवळून धरताना जाऊबाईंना वाटत होतं, हे वाक्य आपल्या गावात कुणी बोलणार नाही. आणि त्यांच्याच पोटचा पोरगा ते बोलला, त्यांच्याच खुर्चीत बसून.