पंधराचा बल्ब

रुपराव चरडे जाऊन आता काही वर्षं झाली. पण सक्करदऱ्यामागच्या आमच्या गल्लीत रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला, की घरातलं कुणीतरी अजून म्हणतं, "बंद कर, रुपरावजी येतील."

ते वीज खात्यात मीटर वाचायचे. खाकी पिशवी, हातात बॅटरी आणि सायकल. हुडकेश्वरच्या रस्त्याला तेव्हा शेतं होती, तिथपर्यंत त्यांची फेरी असे. लोकांच्या घरात पाहुणे पुढच्या दारानं येतात. रुपरावजी यायचे ते जिन्याखाली, न्हाणीमागे, कोळशाच्या पोत्यांवर वाकून, जिथे घर आपला अंधार साठवून ठेवतं तिथे. बॅटरीच्या उजेडात काचेमागची चकती दिसायची. तिच्या कडेवर काळी खूण असते. ती खूण गेली की किती वेळात परत येते, एवढ्यावरून आत इस्त्री चालू आहे की पाणी तापवायचा रॉड, हे त्यांना कळायचं. त्या चकतीकडे बघताना त्यांना नेहमी एकच वाटे : या घरातून काहीतरी गळून चाललं आहे आणि घरातल्या कुणाला त्याचा आवाज येत नाही.

काटोलकडच्या खेड्यात ते कंदिलावर वाढले होते. कंदिलाचं बरं असतं, म्हणायचे, हलवून पाहिला की तेल किती राहिलं ते कळतं. विजेचं काही कळत नाही. ती संपत नाही म्हणून माणूस भीत नाही.

त्यांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, मागे अंगण. पुढच्या खोलीत पंचवीस वॅटचा बल्ब, स्वयंपाकघरात पंधराचा. भिंतींना दर दिवाळीला पांढरा चुना, कारण पांढरी भिंत अर्ध्या बल्बाचं काम करते. महिन्यातल्या एका रविवारी ते सगळे बल्ब काढून कोरड्या फडक्यानं पुसत. धूळ बसलेला बल्ब म्हणजे बुरखा घातलेला दिवा, असं त्यांचं मत. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे तट्टे आणि त्यावर लोट्यानं पाणी. पंखा होता, पण तो पाहुण्यांसाठी.

गल्लीला त्यांची गंमत वाटे. शेजारचे मार्तंडराव कापडाच्या दुकानात कामाला होते. ते ओट्यावरून ओरडत, "रुपरावजी, घरात काजवे पाळले का गा?"

"पाळले न. खायले मागत नाहीत बिचारे."

याच मार्तंडरावांनी गल्लीतला पहिला कूलर आणला आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. खोली ओलसर, अंग चिकट, कूलर दिवसभर पुऱ्या जोरात. बिल आलं तेव्हा मार्तंडरावांची बायको प्रेमिला ते घेऊन चरड्यांच्या अंगणात आली. रुपरावजी त्यांच्या घरी गेले आणि कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी उघडली. "हवेले निघाले वाट पाहिजे न बाई. कोंडून ठेवली तं ते घामच देईन." त्या दुपारी कूलर अर्ध्या जोरावर ठेवून मार्तंडराव घोरत पडले. पुढच्या महिन्यापासून गल्लीतली बिलं रुपरावजींच्या ओट्यावर येऊ लागली, जशा पत्रिका जुळवायला याव्यात तशी.

त्यांची बायको गोपिकाबाई. उंच, कमी बोलणारी. तिच्याबद्दल गल्लीचं मत असं की ती नवऱ्याच्याही वर निघाली. पंधराचा बल्बही ती पुरता जळू देत नसे. भाकरी थापून झाली की खटका बंद. जेवताना मध्येच उठून बंद. अंधारात ती ताक घुसळायची, भांडी लावायची, माठातून नेमकं पाणी घ्यायची. प्रेमिला म्हणायची, "बाप्पा, काकूच्या बोटालेच डोळे आहेत." हे ऐकून रुपरावजींना बरं वाटायचं. त्यांच्या घराच्या मीटरची चकती इतकी हळू फिरे, की एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या प्रदक्षिणेसारखी वाटे. कधी कधी ते तिच्यासमोर नुसते उभे राहत. जगातलं एक तरी भोक आपण बुजवलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर असे.

दिवाळीला त्यांची मुलगी प्रेमलता काटोलहून आली. पहिल्याच जेवणात तिच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी गोपिकाबाई नातीचं परकर-पोलकं शिवायला बसली आणि सुईत दोरा काही जाईना.

"बाबा," प्रेमलता म्हणाली, "तुमच्या बिलापायी आम्ही खडे खाऊन राहिलो. चाळीसचा तरी लावा न तिथं."

रुपरावजी हसले. मुलीसमोर त्यांचं काही चालत नसे. "लावतो. उद्याच लावतो."

"काही गरज नाही." गोपिकाबाई एवढ्या जोरानं बोलली की दोघंही तिच्याकडे बघू लागले. "मले सवय आहे. तू दोन दिवसाची पाहुणी. तुझ्यापायी घराची पद्धत बदलाची का?"

प्रेमलता गेली. बल्ब पंधराचाच राहिला.

मग तो रविवार आला. रुपरावजींनी सकाळी बल्ब काढले, पुसले. तेवढ्यात काटोलहून कुणी संत्र्यांची टोपली घेऊन आलं, त्यात वेळ गेला. स्वयंपाकघरातला बल्ब फडताळात डब्याशेजारी तसाच राहिला. दिवेलागणीला ते बाहेरून आले. गोपिकाबाई चुलीसमोर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. मागच्या दारातून अंगणातला शेवटचा राखाडी उजेड येत होता, माणसाचा आकार कळावा इतका. त्यांनी सवयीनं खटका दाबला.

खट् आवाज झाला. दिवा लागला नाही.

गोपिकाबाईनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, वर कोपऱ्याकडे तोंड करून हात जोडले आणि मान लववली. दिवा लागला की करतात तसं, रोज करायची तसं. मग पुन्हा सूप उचललं.

रुपरावजींना आधी वाटलं, ही थट्टा करते आहे. बल्ब लावायला विसरलो ते हिला कळलं आहे. ते हसण्याच्या बेतात होते. पण ती हसत नव्हती. तांदूळ वर जात होते, खाली येत होते.

त्यांनी खटका बंद केला.

"काहून बंद केला जी? तांदूळ व्हायचे आहेत अजून."

त्यांनी परत दाबला. तिनं मान हलवली, बरं झालं अशी.

ते तिथेच उंबऱ्यात बसले. शेवटी ते म्हणाले, "गोपिके, बल्ब फडताळात आहे वं."

सूप थांबलं. सुपातले काही तांदूळ तिच्या मांडीवर सांडले ते तिनं बोटांनी एकेक वेचून परत टाकले. सगळे वेचले. एकही राहिला नाही.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"उजवा तं मागच्या संक्रांतीच्याही आधी गेला. डाव्यानं धुरातून दिसल्यासारखं दिसते. दुपारी दिसते थोडं."

"मले काहून नाही सांगितलं? मोठा बल्ब लावला असता न मी. मी काय एवढा..."

"लावला असता," ती म्हणाली. "अन् मोठ्या बल्बातही नसतं दिसलं तं? मंग मी काय म्हणणार होती? लहान बल्ब होता तवरी मले वाटे, अंधार घरात आहे."

रुपरावजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातला गळणारा उजेड मोजला होता. त्या संध्याकाळी त्यांना कळलं, की आपल्या घरात बायको आपल्याच काटकसरीत लपून बसली होती. ती खटके बंद करत होती ते त्यांना साथ म्हणून नव्हे. अंधारात सगळेच चाचपडतात. तिथे ती सगळ्यांसारखी होती, उलट सगळ्यांपेक्षा हुशार होती. त्या हुशारीचं कौतुक ते ओट्यावर बसून ऐकत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्यात तो केव्हाच पिकून पुढे गेला होता, त्या डोळ्याचं आता काही होणार नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन करू, डॉक्टर म्हणाले, पण खात्री देत नाही, डोळा नाजूक आहे. रुपरावजींनी विचारलं, "कमी उजेडानं झालं का हे?" डॉक्टरांनी फाइलीवरून मान वर केली. "उजेडाचा काही संबंध नाही. वयानं होतं. फक्त लवकर यायला हवं होतं."

संबंध नाही, हे ऐकून माणसाला हलकं वाटायला हवं. त्यांना वाटलं नाही. लवकर यायला हवं होतं, यातच तो सगळा संबंध होता.

ऑपरेशन झाल्यावर वॉर्डात गोपिकाबाई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून उताणी पडून असे. मान हलवायची नाही, असा हुकूम. रुपरावजी स्टुलावर बसून असत. भर दुपारी डोक्यावर सगळ्या ट्यूबलाइट जळत. एकदा ते न राहवून उठले आणि खटक्यांच्या पाटीपर्यंत गेले.

"कुठं चालले?" पट्टीखालून ती म्हणाली.

"कुठं नाही."

"दिवे जळून राहिले असतील दिवसाचे."

"जळू दे."

"माय वो," ती म्हणाली. तिचं तोंड हसल्यासारखं झालं. "आता मले खरंच भेव वाटून राहिलं. तुम्ही जळू दे म्हणता."

ते परत येऊन बसले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात धरला, वॉर्डभर माणसं असताना.

पट्टी सुटली त्या दिवशी तिला डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला, चेहरा नाही. घरी पाठवलं. चष्मा मिळायला वेळ होता, आणि तोवर डोळा नजर धरतो की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. रुपरावजींनी स्वयंपाकघरात शंभराचा बल्ब लावला होता. दर दिवाळीला चुना लावलेल्या भिंती चुलीच्या वर काळ्याच होत्या. इतकी वर्षं पंधराच्या उजेडात त्या त्यांना पांढऱ्या दिसत आल्या होत्या. मार्तंडराव येऊन गेले, बल्बाकडे बघितलं, आणि काजव्यांचं काही बोलले नाहीत.

चष्मा आला तो जाड भिंगाचा. त्यातून तिचा डावा डोळा फार मोठा दिसे. दिवेलागणीला ती चुलीसमोर बसली. रुपरावजी खटक्याजवळ उभे राहिले. त्यांचं बोट खटक्यावर होतं, पण ते दाबत नव्हते.

"लावा न," ती म्हणाली.

त्यांनी दाबला. खट् झालं. या वेळी आवाजाबरोबर तिचे हात वर आले नाहीत. तिनं मान वर केली आणि वाट पाहिली. बल्ब तिच्या भिंगात उतरला, लहानसा, पिवळा. तिनं तो नीट पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"किती वाळले तुम्ही," ती म्हणाली. मग दिव्याकडे वळून तिनं हात जोडले.

थोड्या वेळानं ती पाठमोरीच बोलली, "पुढच्या खोलीतला बंद करा. तिथं कोणी नाही."

ते उठून बंद करून आले. रिकाम्या खोलीतले दिवे त्यांनी पुढेही आयुष्यभर बंद केले, आपले आणि गल्लीचे. स्वयंपाकघरातला शंभराचा मात्र तसाच राहिला. त्यांच्या घराची चकती आता थोडी घाईनं फिरे. ते चकतीसमोर उभे राहत नसत. संध्याकाळी खटका दाबला की दिव्याकडेही बघत नसत. ते गोपिकाबाईच्या हातांकडे बघत, हात खटक्याच्या आवाजाबरोबर वर येतात, की दिवा पाहून, थोडे उशिरानं.