लांबलेली पूजा

काशीत बालाजी घाटावर मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, ते गुरुजी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची गंगापूजा सांगतात. एरवी भलते घाईचे. पूजा सुरू होताना मी कुकर लावला, तर तिसऱ्या शिट्टीला खाली त्यांची शेवटची आरती सुरू झालेली असते. पण मुलाच्या आईबरोबर नवं जोडपं आलं, की ते सुनेला हळूच विचारतात, "हनिमूनला कुठे जायचं होतं?" गोवा, मनाली, काहीतरी उत्तर येतं. "हां, म्हणजे काशी आईंनी पसंत केली," असं म्हणून ते दोघांना नावेतून रामनगरचा किल्ला बघायला पाठवतात आणि आईंना पूजेला बसवतात. "ही पूजा वडीलधाऱ्यांनीच करायची असते." ती दोन तास चालते.

हे कुठल्या शास्त्रात आहे, असं मी एकदा विचारलं. "आमच्या घरची रीत आहे, बस," म्हणाले. मला ते खोटं खटकायचं.

गेल्या महिन्यात मी पायरीवर बसलो होतो. पूजा संपत आली, तेव्हा एका आईंनी नदीकडे पाहिलं. नाव कुठेच दिसत नव्हती.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "अजून काही राहिलं असेल तर होऊ द्या."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आचमन केलं आणि पुन्हा संकल्पापासून सुरुवात केली.